जब्दी होडीतच राहिला

सामान्य काळातील तिसरा रविवार (वर्ष अ)
वाचने : यशया ८:२३–९:३, १ करिंथ १:१०-१३, १७, मत्तय ४:१२-२३



आजच्या शुभवर्तमानात समुद्र आहे, होड्या आहेत, जाळी आहेत. आणि आपण आहोत हिंगोलीत. येथून समुद्र गाठायचा तर आख्खी रात्र प्रवासात जाते. आपल्या धर्मग्रामात अशी पुष्कळ घरे आहेत, जेथील वडीलधाऱ्यांनी समुद्र फक्त चित्रात पाहिला आहे. मागे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना विचारले होते की, प्रभू येशू ज्याच्या काठाने चालला तो गालील समुद्र केवढा असेल? एका मुलाने हात वर करून सांगितले, "सिद्धेश्वर धरणाएवढा." बाकीची मुले हसली. पण तो मुलगा फारसा चुकला नव्हता. गालील समुद्र हा नावाचाच समुद्र. ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे, सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद. पेत्र आणि आंद्रिया खाऱ्या पाण्यावरचे नव्हतेच. आपल्याकडे पूर्णेच्या पाण्यात जाळे टाकणारे जे भोई बांधव आहेत, त्यांना पेत्राची होडी आणि पेत्राची रात्र आपल्यापेक्षा लवकर समजेल.

तरीही आज आम्ही खाऱ्या समुद्राविषयीच बोलणार आहोत. त्याला कारण घडले आठवडी बाजारात.

काही दिवसांपूर्वी आम्ही बाजारातून परतत असताना आपल्याच धर्मग्रामातील एक भगिनी भेटल्या. पिशवी अर्धी रिकामी होती. म्हणाल्या, "फादर, सुकटाचा भाव ऐकला का? गरिबाचं कालवण होतं ते. आता तेबी परवडंना." आम्ही सुकट विकणाऱ्या बाईंच्या पाटीपाशी जाऊन चौकशी केली. "मागूनच माल येईना," एवढेच त्यांनी सांगितले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

'मागून' म्हणजे कुठून, हा प्रश्न मनात घेऊन आम्ही धर्मगुरुनिवासात आलो.

बंधू-भगिनींनो, मराठवाड्यातल्या गरिबाच्या घरी समुद्र येतो तो असा. वाळून, पोत्यात भरून, ट्रकमधून. घरात भाजी नसली की मूठभर सुकट तव्यावर भाजावे, कांदा आणि तिखट घालावे, म्हणजे चार भाकरींची सोय होते. बोंबील परवडला तर सणासारखे वाटते. ही काही आजची रीत नव्हे. येशूच्या काळातही गालीलच्या काठचा मासा असाच खारवून दूरदूरच्या गावी जात असे. मरिया मग्दालिया ज्या मग्दाला गावची, त्या गावाचे ग्रीक नाव खारवलेल्या माशांवरूनच पडले होते. तेव्हा समुद्रापासून दूर राहणारी माणसे कोळ्यांच्या मेहनतीवर जेवत आली आहेत, आणि कोळ्यांना ती माणसे कधी दिसलेली नाहीत. आपल्यालाही ते दिसलेले नाहीत.

आम्हांला मात्र ते पाहण्याचे भाग्य एकदा लाभले. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम संपल्यावर एका सुट्टीत आमची पाळकीय सेवेसाठी वसईच्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यात नेमणूक झाली होती. वसई, अर्नाळा, उत्तन या पट्ट्यातील कोळी बांधव पिढ्यान्पिढ्या ख्रिस्ती आहेत. होडीच्या नाळेवर क्रूस, होडीला संताचे नाव, आणि पावसाळा सरल्यावर धर्मगुरूंच्या हातून होड्यांना आशीर्वाद. आम्ही कोरडवाहू मुलखातले. पहिले दोन दिवस वासाने जेवण जात नव्हते, हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या दिवसापासून ताट पुसून जेवू लागलो.

तेथे एक वृद्ध नाखवा रोज दुपारी जाळे दुरुस्त करायला बसत. आम्ही त्यांच्याजवळ बसायचो. त्यांची होडी डोलीची. डोल म्हणजे भल्यामोठ्या नरसाळ्यासारखे जाळे. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधायचे, तोंड पाण्याच्या ओढीकडे ठेवायचे आणि वाट पाहायची. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील आणि जवळा आत येतो. होडी परतली की पुढचे काम बायकांचे. ताजा मासा बाजारात न्यायचा, उरलेला निवडायचा. बोंबील बांबूंच्या आडव्या काठ्यांवर जोडीजोडीने लटकावायचा, जवळा अंगणात पसरायचा. तोच पुढे पोत्यांतून घाट चढून देशावर येतो. नाखवा आपल्या बोलीत म्हणाले होते, त्याचा मथितार्थ असा : "ब्रदर, आमचं जाळं माशाच्या मागे धावत नाही. पाणी आणतं तेवढं आम्ही घेतो. आला तो आमचा, गेला तो देवाचा."

आम्ही ते वाक्य त्या वेळी वहीत लिहून ठेवले होते. एखाद्या प्रवचनात कामी येईल म्हणून. ते इतक्या वर्षांनी कामी येते आहे, पण आम्हांला अपेक्षित होते त्या अर्थाने नाही.

कारण आता माशाच्या मागे धावणारी जाळी आली आहेत. ट्रॉलर ही यांत्रिक बोट जाळे तळावरून ओढत नेते. वाटेत येईल ते सर्व, लहान-मोठे, खाण्याचे आणि न खाण्याचे, त्यात येते. पर्ससीन जाळे त्याहून वेगळे. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा यंत्राने हेरायचा, त्याच्याभोवती जाळ्याची भिंत उभी करायची आणि तळाची दोरी ओढून बटव्याचे तोंड आवळावे तसे जाळे आवळायचे. थवाच्या थवा एका वेळी बोटीत. आणि अलीकडचा प्रकार एलईडी दिव्यांचा. रात्री जनरेटरवर प्रखर दिवे लावून पाण्यावर उजेड पाडायचा. मासा उजेडाकडे झेपावतो आणि जाळ्यात सापडतो. जो लहान आहे, ज्याने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत, तोही झेपावतो. असा कोवळा मासा बाजारात विकत नाही. तो कारखान्यात जातो, त्याची भुकटी होते आणि ती कोंबड्यांच्या नि कोळंबीच्या खाद्यात मिसळली जाते.

आज यशयाच्या वाचनात आणि शुभवर्तमानात आपण ऐकले की, अंधारात बसलेल्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला. समुद्राच्या वाटेवरचा प्रदेश म्हणून ज्याचे नाव त्या वाचनात आहे, तेथे तो प्रकाश उगवला. यशया त्याला लगेच जोडून सांगतो की, त्या लोकांच्या खांद्यावरचे जू मोडले आणि जुलूम करणाऱ्याची काठी मोडली. प्रकाश आणि जू मोडणे या दोन गोष्टी तो वेगळ्या करत नाही. आमच्या डोळ्यांपुढे मात्र ते वाचन ऐकताना बोटीवरचे दिवे येत होते. प्रकाशसुद्धा फसवण्यासाठी वापरता येतो, हे माणसाने शोधून काढले आहे.

आकडे थोडकेच सांगतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने दिलेल्या माहितीप्रमाणे २०१८ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली होती. २०१९ साली ती सुमारे २ लाख १ हजार टनांवर आली. ४५ वर्षांतली ती नीचांकी मासळी होती. त्या वर्षी अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही वादळे एकामागून एक आली आणि होड्या कित्येक दिवस किनाऱ्याला बांधून ठेवाव्या लागल्या, हेही लक्षात घेतले पाहिजे. सगळा दोष जाळ्यांच्या माथी मारणे बरोबर नाही. समुद्र तापतो आहे, खाड्यांत कारखान्यांचे आणि शहरांचे पाणी जाते आहे. परंतु वादळ ओसरते, आणि पिल्लेच धरून नेली तर पुढच्या वर्षी वादळ नसूनही जाळे रिकामे येते. राज्य शासनाने २०२३ साली पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. ज्याला मान द्यायचा त्याच्या पिल्लांना वाचवण्यासाठी फूटपट्टी लावावी लागते, अशी वेळ आली आहे.

कायदे नाहीत असे कुणी समजू नये. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले आणि सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांपुरती मुभा ठेवली. एलईडी दिव्यांची मासेमारी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७मध्येच बंद केली. २०२१ साली राज्याचा कायदा बदलून दंडाची रक्कम लाखो रुपयांवर नेली. कागद भक्कम आहे. पण राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. मासा ही हद्द पाळत नाही आणि बोटवालाही रात्रीच्या अंधारात पाळत नाही. एवढ्या मोठ्या पाण्यावर गस्त घालायला बोटी किती आणि माणसे किती, हा प्रश्न किनाऱ्यावरची माणसे दर मोसमात विचारतात.

हे सर्व ऐकून कुणाला वाटेल, हिंगोलीच्या शेतकऱ्याला याचे काय? आम्ही म्हणतो, हिंगोलीच्या शेतकऱ्याइतके हे कुणालाच लवकर कळणार नाही. बोअरवेल आठवा. गावातल्या विहिरीला पूर्वी हात-दोन हातांवर झरा असे. मग एकाने दोनशे फूट बोअर घेतला. शेजाऱ्याचे पाणी आटले, त्याने चारशे घेतला. तिसऱ्याने कर्ज काढून सहाशे घेतला. ज्याच्याकडे फक्त जुनी विहीर होती, तो पहिल्याच उन्हाळ्यात कोरडा पडला. चूक त्याची काहीच नव्हती. त्याची विहीर पाण्याच्या मागे धावत नव्हती, एवढेच. भूजलाचाही कायदा आहे, २००९चा. ६० मीटरहून खोल बोअरवर त्यात बंधन आहे. तो कायदा आपल्यापैकी कितींनी ऐकला आहे आणि कितींनी पाळला आहे, हे आम्ही विचारत नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. डोलीचा कोळी म्हणजे तो जुन्या विहिरीचा मालक, आणि पर्ससीन म्हणजे सहाशे फुटांचा बोअर.

त्या वृद्ध नाखवांना देवाज्ञा होऊन बरीच वर्षे झाली. त्यांना दोन मुलगे. थोरल्याने होडी विकली आणि आता तो एका इमारतीवर रखवालदार आहे. धाकटा एका मोठ्या बोटीवर तांडेल आहे; बोट दुसऱ्याची, जाळे माशामागे धावणारे. बापाची डोल ज्या बोटींमुळे रिकामी येऊ लागली, तसल्याच बोटीचे सुकाणू मुलाच्या हाती आले. बाजारातल्या त्या प्रसंगानंतर आम्ही त्याला फोन केला. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर आम्ही भीत भीत विषय काढला. तो रागावला नाही. म्हणाला, "फादर, मला काय कळत नाही का? पण मी नाही गेलो तर दुसरा जाईल. मासा काय वाचणार आहे? माझी पोरं मात्र उपाशी राहतील."

आम्हांला उत्तर सुचले नाही. सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो, त्यावर पदवी मिळवली. अ‍ॅरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे की, जे पुष्कळांचे सामाईक असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, वस्तू सांभाळण्यासाठी मालकी असावी, पण उपभोगताना ती सर्वांची आहे असेच मानावे, आणि एकाजवळ गरजेपेक्षा जास्त जे आहे त्यावर गरजूचा नैसर्गिक हक्क असतो. परीक्षेत आम्ही हे छान लिहिले होते. फोनवर त्या तांडेलाला ते सांगण्याचे धाडस झाले नाही. ज्याच्या घरात दोन शाळकरी मुले आहेत आणि ज्याची स्वतःची होडी उरलेली नाही, त्याला सामाईक हिताचा धडा प्रथम आपण द्यावा, हे आम्हांला न्यायाचे वाटले नाही. त्या बोटीच्या मालकाला द्यावा. ज्यांनी एकेकाळी यांत्रिक बोटींना कर्जे आणि अनुदाने दिली आणि किती बोटी पुरेत याचा हिशेब ठेवला नाही, त्यांना द्यावा.

तरीही "मी नाही तर दुसरा" हे वाक्य तसेच सोडता येत नाही. ते आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. बोअर घेताना आपण तेच म्हणतो. पाण्याच्या टँकरसमोर घुसताना, रेशनच्या रांगेत आणि लाच देतानाही तेच म्हणतो. या वाक्यात दुसरा माणूस हा नेहमी आपल्यापेक्षा वाईट गृहीत धरलेला असतो. आज दुसऱ्या वाचनात संत पौल करिंथच्या लोकांना ज्या फुटीबद्दल रागे भरतो, ती अशीच आहे : कुणी पौलाचा, कुणी अपुल्लोचा, कुणी केफाचा. किनाऱ्यावर आज कुणी डोलवाला, कुणी पापलेटच्या जाळ्याचा, कुणी ट्रॉलरवाला, कुणी पर्ससीनवाला. डोलीच्या टोकाची वीण बारीक असते आणि त्यात पापलेटची पिल्ले मरतात, असा आक्षेप पापलेटवाले घेतात. तो खोटा नाही. हद्दीवरून गावागावांत तंटे आहेत. लहान माणसे एकमेकांशी भांडत राहिली की मोठ्याचे फावते, हे मराठवाड्याला समजावून सांगायची गरज नाही.

पण ती एकत्र आल्याचेही दाखले आहेत, आणि ते दाखले आपल्या ख्रिस्ती बांधवांचे आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. गोव्यात 'रापण' नावाचे प्रचंड जाळे किनाऱ्यावरून सगळे गाव मिळून ओढते आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. १९७०च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊ लागले आणि रापणकारांच्या जाळ्यात काही येईना. तेव्हा माथानी साल्ढाणा या शाळाशिक्षकाने त्यांची संघटना बांधली; मोर्चे, उपोषणे झाली, आणि १९८०च्या कायद्याने किनाऱ्यालगतचे पाच किलोमीटर पाणी लहान मच्छीमारांसाठी राखले गेले. त्याच चळवळीतून १९७८ साली देशभरच्या मच्छीमारांचा मंच उभा राहिला. रिडेम्प्टरिस्ट संघाचे केरळचे धर्मगुरू फादर थॉमस कोचेरी यांनी पुढे त्याचे नेतृत्व केले. केंद्राने १९९१ साली परदेशी कंपन्यांच्या भागीदारीतील मोठ्या जहाजांना खोल समुद्र खुला केला, तेव्हा त्यांनी कोळ्यांबरोबर उपोषणे केली. त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सगळे होते, ट्रॉलरवालेही होते. १९९६ साली मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. धर्मगुरूने वेदी सोडून मोर्चात कशाला जावे, असे त्या वेळी त्यांना पुष्कळांनी विचारले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या विश्वपत्रात अनिर्बंध मासेमारीने माशांच्या जाती संपत चालल्याचे लिहिले, ते वाचायला फादर कोचेरी नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी ते देवाघरी गेले होते.

आता शुभवर्तमानाकडे येऊ. आम्ही आजवर या उताऱ्यावर अनेकदा प्रवचन केले आहे. दर वेळी पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान यांच्याविषयी बोललो. त्यांनी लगेच जाळी टाकली, होडी सोडली, बापाला सोडले. तुम्हीही असेच पाचारण स्वीकारा. यंदा तयारी करताना प्रथमच आमची नजर जब्दीवर गेली. मुलगे उठून गेले, आणि जब्दी होडीतच राहिला. हातात अर्धवट शिवलेले जाळे. संत मार्क सांगतो की त्याच्याबरोबर मोलकरी होते, म्हणजे तो अगदीच एकटा नव्हता. पण त्या संध्याकाळी घरी जाऊन त्याने बायकोला काय सांगितले असेल? पुढे शुभवर्तमानात तो कुठेही भेटत नाही. त्याचे नाव मात्र शेवटपर्यंत राहते. क्रुसापाशी दुरून पाहत उभ्या असलेल्या स्त्रियांमध्ये एक आहे, तिला संत मत्तय जब्दीच्या मुलांची आई म्हणतो.

जब्दीच्या मुलांना प्रभूने हाक मारली होती. होडी मजबूत होती, सरोवरात मासा होता. तरी ते उठले, कारण हाक मोठी होती. आमच्या त्या नाखवांच्या मुलांना कुणी हाक मारली? थोरला रखवालदारीला गेला, धाकटा दुसऱ्याच्या बोटीवर गेला, ते काही पाचारण ऐकून गेले नाहीत. जाळे रिकामे येत होते म्हणून गेले. जाळे सोडणे आणि जाळे हातातून सुटणे यात फरक आहे. पहिल्याला आपण त्याग म्हणतो. दुसऱ्याला त्याग म्हणून गोड करणे हे पाप ठरेल, असे आम्हांला वाटते. शेती सुटून पुण्याला गेलेली आपली मुले, ऊसतोडीला गेलेली आपली जोडपी, यांच्याविषयीही हेच म्हणता येईल.

संत लूकने हीच कथा थोडी निराळी सांगितली आहे. रात्रभर काही मिळाले नव्हते, मग प्रभूच्या शब्दावरून जाळे टाकले आणि ते फाटायची वेळ आली. तेव्हा पेत्राने काय केले? दुसऱ्या होडीतल्या भागीदारांना खूण करून बोलावले. दोन्ही होड्या भरल्या. एवढी मासळी एकट्याने ओढून नेण्याचा मोह त्याला झाला नाही, की ती एका होडीत मावतच नव्हती म्हणून त्याने बोलावले, हे आम्ही सांगू शकत नाही. पण बोलावले हे खरे. त्या तांडेलाला फोनवर सुचले नाही ते उत्तर कदाचित येथे असावे : "मी नाही तर दुसरा" असे म्हणण्याऐवजी त्या दुसऱ्याला एकदा खूण करून पाहावी. गोव्यात ती करून पाहिली होती.

आता आपल्या दारातले. सिद्धेश्वर, येलदरी आणि इसापूर या धरणांच्या पाण्यावर पुष्कळ भोई कुटुंबे जगतात. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाते, संस्था पाण्याचा ठेका घेतात आणि सभासद जाळी टाकतात. तेथेही बारीक विणीची जाळी आली आहेत आणि बोटाएवढी पिल्ले बाजारात येऊ लागली आहेत. मागच्याच बाजारात आम्ही वाटा पाहिला. तो स्वस्त असतो म्हणून आपणच घेतो. स्वस्त घेणाऱ्या गरिबाला आम्ही बोल लावणार नाही. परंतु ज्यांना परवडते, त्यांनी तरी तो घेऊ नये, अशी आमची विनंती आहे. बोटाएवढा रोहू आज दहा जणांच्या ताटात जातो. तोच वर्षभराने किलोचा झाला असता.

राखेचा बुधवार दूर नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी आपण मटण-कोंबडी वर्ज्य करतो आणि मासा चालतो असे म्हणतो. पापलेटचा आजचा भाव पाहिला तर तो खाऊन प्रायश्चित्त कसे होते, हे आमच्या ध्यानात येत नाही. यंदा त्या शुक्रवारी शक्य त्यांनी मासाही वर्ज्य करावा आणि वाचलेले पैसे वेदीजवळच्या पेटीत टाकावेत. गेल्या पावसाळ्यात ज्या भोई कुटुंबाची होडी वाहून गेली, ते आपल्या धर्माचे नाही, पण आपल्या शेजारचे आहे. होडी नवी घ्यायची की जुनी दुरुस्त करायची, ते त्यांनी ठरवावे. युवक मंडळातील चार-पाच जणांनी पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्हांला भेटावे. सिद्धेश्वरला जाऊन त्या संस्थेच्या सभासदांशी बोलायचे आहे. आधी ऐकायचे आहे, भाषण करायचे नाही.

आजच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये एक विनंती जास्त घातली आहे : समुद्रावर रात्री जागणाऱ्या लहान होड्यांसाठी, आणि मोठ्या बोटींच्या तांडेलांसाठीही. त्याला प्रतिसाद जरा मोठ्याने द्यावा. मागच्या बाकांवरून गेल्या रविवारी काही ऐकू आले नव्हते.

आपला,
धर्मग्राम धर्मगुरू